धाकट्याने विचारायचं

वल्हांडणाच्या रात्री ज्यू घरात स्वयंपाक तयार असतो, ताटं मांडलेली असतात, भूक लागलेली असते, आणि तरीही जेवण सुरू होत नाही. आधी घरातलं सगळ्यात धाकटं मूल चार प्रश्न विचारतं. आजची भाकर बिनआंबवलेली का, आजचा पाला कडू का, आज घास दोनदा का बुडवायचा आणि आज सगळे लोडाला रेलून का बसलेत. हिब्रूत या प्रश्नांना ‘मा निश्ताना’ म्हणतात. त्यांना ठरलेली चाल असते आणि मुलं ते कित्येक दिवस आधीपासून पाठ करत असतात. मुलाने विचारलं की मग वडील किंवा आजोबा समोरचं पुस्तक वाचायला घेतात. ‘हगादा’ नावाचं ते पुस्तक म्हणजे त्या प्रश्नांचं लांबलचक उत्तर. इजिप्तमधली ज्यूंची गुलामी, फारो राजाचा हट्ट, त्यांना सोडवणारा मोशे, दहा पीडा, समुद्रातून निघालेली वाट, सगळं त्यात येतं. रात्र बरीच होईपर्यंत हे सांगणं चालतं.

आपल्याकडे सणाच्या दिवशी मुलाने ‘असं का?’ विचारलं, तर बहुतेक घरांत ‘असं करायचं असतं’ एवढंच उत्तर मिळतं. इथे मुलाने विचारणं हाच विधीचा भाग आहे. सणाची सगळी रचना मुलाच्या तोंडून प्रश्न निघावा यासाठी केलेली आहे, आणि म्हणून मला हा सण फार मोलाचा वाटतो.

वाशीम जिल्ह्यात सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनागृह, नाही. कारंजा, शिरपूर जैन, पोहरादेवी ही नावं आपल्याला घरची आहेत. ज्यू शेजार मात्र आपल्या वाट्याला आला नाही. त्यामुळे हा सण परमुलखातला वाटण्याचा संभव आहे. तसा तो नाही. कोकणच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षं राहिलेले, नवगावकर, पेणकर, दिवेकर, केहिमकर अशी आडनावं लावणारे आणि घरात मराठी बोलणारे बेने इस्राएल लोक तो पाळत आले आहेत. मराठी बायबल वाचलेल्यांना ‘वल्हांडण’ आणि ‘बेखमीर भाकर’ हे शब्द ओळखीचे असतील. ज्यू लोक या सणाला पेसाख म्हणतात.

सण येतो तोही आपल्या ओळखीच्या रात्री. ज्यू पंचांगातले महिने चंद्राचे आहेत आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून एकोणीस वर्षांत सात वेळा अधिक महिना धरतात. निसान महिन्याच्या पंधराव्या रात्री, म्हणजे भर पौर्णिमेला, वल्हांडण सुरू होतो. बहुतेक वर्षी ती आपल्या चैत्री पौर्णिमेच्या आसपासच पडते. २०२५ मध्ये १२ एप्रिलला आपण हनुमान जयंती केली आणि त्याच संध्याकाळी वल्हांडण सुरू झाला. आदल्या वर्षी, २०२४ मध्ये, तो २२ एप्रिलच्या संध्याकाळी लागला आणि दुसऱ्या दिवशी हनुमान जयंती होती. आपल्या गावांत मारुतीच्या पारावर भजन रंगलेलं असतं, तेव्हा ठाण्यात आणि मुंबईत काही मराठी घरांतली मुलं झोप आवरत मेजाशी बसलेली असतात.

मुलांचं काम त्याच्या आदल्या रात्रीच सुरू होतं. वल्हांडणात आंबवलेलं धान्य खायचं नाही, एवढंच नव्हे तर घरात ठेवायचंही नाही. गहू, बार्ली, राय, ओट आणि स्पेल्ट या पाच धान्यांना पाणी लागून ती फुगली की ‘खामेत्स’ होतात. म्हणून आधी कित्येक दिवस फडताळं, डबे, पाट्याखालची जागा, मुलांच्या दप्तरांचे कोपरे असं सगळं झाडून निघतं. आदल्या रात्री दिवे मालवायचे, मेणबत्ती लावायची आणि घरभर शोध घ्यायचा. शोध फुकट जाऊ नये म्हणून कुणीतरी मोठं माणूस पावाचे दहा तुकडे कागदात गुंडाळून घरात लपवून ठेवतं. मुलं मेणबत्तीच्या उजेडात ते हुडकतात, पिसाने लाकडी चमच्यात लोटतात आणि सकाळी सगळं जाळून टाकतात. मूल या खेळात एकदा रमलं की खामेत्स म्हणजे काय हे त्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

भाकरीचंही तसंच. पिठाला पाणी लागल्यापासून भट्टीतून बाहेर येईपर्यंत अठरा मिनिटांच्या आत काम उरकलं, तरच ती ‘मात्सा’. उशीर झाला तर पीठ आंबायला लागलं असं धरतात. जगभरच्या ज्यू शाळांत सणाआधी मुलांना मात्सा लाटायला लावतात आणि शिक्षक घड्याळ धरून उभे राहतात. कणीक मळायची, लाटायची, टोचे मारायचे, पळत भट्टीपर्यंत न्यायचं. गुलाम घाईघाईने निघाले, भाकर फुगायला वेळच नव्हता, ही गोष्ट तिथे मुलांच्या पायांना कळते. याच शाळांत सणाच्या आधी सगळ्या सोहळ्याची रंगीत तालीमही होते. बालवाडीतली मुलं स्वतःच्या हाताने चित्रं काढून आपापली हगादा तयार करतात, मात्सा झाकायचं कापड रंगवतात, बेडकांच्या पीडेचं गाणं म्हणत वर्गभर उड्या मारतात. गरीब घरांना सणाचं धान्य मिळावं म्हणून मदत गोळा करण्याची जुनी रीत आहे, तिच्यातही शाळकरी मुलांना घेतात.

वल्हांडणाच्या रात्रीच्या जेवणाला ‘सेदेर’ म्हणतात. ताटात भाजलेलं हाड असतं, उकडलेलं अंडं असतं, कडू पाला असतो, मिठाचं पाणी असतं, आणि विटांच्या मातीची आठवण म्हणून एक गोड, दाट पदार्थ असतो. युरोपातले ज्यू तो सफरचंद आणि अक्रोडाचा करतात. आपल्याकडच्या ज्यू घरांत खजूर शिजवून, गाळून, त्याचा पाक आटवतात. बेने इस्राएल घरांत या दिवसांत भात चालतो, पण तांदूळ आधी दाणा न् दाणा निवडून घेतात, त्यात गव्हाचा कण राहायला नको म्हणून. द्राक्षरसाचे किंवा वाइनचे चार पेले होतात. पीडांची नावं घेताना बोटाने एकेक थेंब बाहेर टाकायचा असतो; शत्रूच्या दुःखात आपला आनंद भरलेला राहू नये, असं त्याचं कारण सांगतात. हे थेंब टाकणं मुलांना अतिशय आवडतं. अर्थ त्यांना पुढे केव्हातरी कळतो, आणि तो कळण्यासारखा आहे.

मुलांना जागं कसं ठेवायचं हा प्रश्न फार जुना आहे. अकिवा हे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मपंडित, दुसऱ्या शतकाच्या आरंभीचे. वल्हांडणाच्या आधी ते मुलांना भाजलेलं धान्य आणि अक्रोड वाटत, म्हणजे मुलं पेंगणार नाहीत आणि प्रश्न विचारतील, असं तालमुद या ज्यू धर्मग्रंथात सांगितलं आहे. मुलं झोपू नयेत म्हणून मात्सा पटकन उचलावी, असंही तिथे एका रब्बींचं मत आहे. त्यातूनच पुढे आफिकोमानचा खेळ आला असं मानतात. सुरुवातीलाच एका मात्सेचे दोन तुकडे करतात. मोठा तुकडा कापडात बांधून लपवतात आणि जेवणानंतर मुलं तो शोधतात. काही घरांत मुलंच तो पळवतात. तो तुकडा परत मिळाल्याशिवाय सोहळा पुढे सरकत नाही, कारण शेवटचा घास त्याचाच असतो. मग मुलं अडून बसतात, बक्षीस मागतात, घासाघीस करतात, आणि मोठ्यांना द्यावंच लागतं. आपल्या विदर्भात तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार जातात आणि बोजारा घेतल्याशिवाय हलत नाहीत, तोच हक्काचा तोरा इथे आहे.

हगादेत चार मुलगे सांगितले आहेत: एक शहाणा, एक उद्धट, एक भाबडा आणि चौथा, ज्याला विचारताच येत नाही. चौघांना चार तऱ्हेची उत्तरं द्यायची. उद्धटालाही मेजावरून उठवत नाहीत. तो टोचून बोलला तरी त्याची जागा त्याच मेजाशी आहे. आणि चौथ्यासाठी सांगणं असं, की त्याच्या वतीने सुरुवात तुम्हीच करा. शिक्षणशास्त्राची जाडजूड पुस्तकं वाचून शिक्षकाला जे समजतं, ते इथे एका जेवणाच्या क्रमात बसवून ठेवलं आहे. मला या चौघांतला चौथाच जवळचा वाटतो. आपल्या वर्गांत मागच्या बाकांवर तोच तर बसलेला असतो.

आता कोकणात जाऊ. महाराष्ट्रापुरता या सणाचा सगळ्यात विलक्षण भाग तिथे घडला आहे.

बेने इस्राएल लोकांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. पोथ्या समुद्रात गेल्या. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. हिब्रू त्यांना येईना. उरली होती एक ‘शमा’ ही प्रार्थना, आठव्या दिवशीची सुंता, खवल्यांचा मासा खाण्याचा नियम आणि काही सण. सणांना नावंही मराठीच पडली: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्यांचा सण. वल्हांडणाच्या दिवसांत पाळत तो ‘अनाशी ढाकाचा सण’. घरात आंबट कालवणाचं मडकं कायम भरलेलं असायचं. वसंतात आठ दिवस ते झाकून ठेवत, त्यातलं काही घेत नसत. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या बेने इस्राएलांच्या इतिहासात या सणाची नोंद आहे. ते हस्तलिखित पुस्तकरूपाने १९३७ साली तेल अवीवला प्रसिद्ध झालं.

त्या मडक्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आंबवलेलं बाजूला ठेवायचं, ही कृती शतकानुशतकं टिकली. ती का, हे सांगणारी गोष्ट मात्र हरवली होती. त्या काळात एखाद्या मुलीने नवगावात किंवा रेवदंड्यात विचारलं असेल, की मडकं का झाकलं? आईकडे द्यायला उत्तर नसणार. तिने तिच्या आईला झाकताना पाहिलं होतं, म्हणून ती झाकत होती. पण झाकत होती, हे विसरता कामा नये. पुढे गोष्ट परत आली तेव्हा तिला टेकायला ती कृती जागेवर होती. नुसत्या रूढीला नावं ठेवणं सोपं असतं. कधी कधी रूढी अशी राखणही करते.

गोष्ट परत आली ती तीन-चार वाटांनी. कोचीनच्या ज्यूंपैकी डेव्हिड राहाबी यांनी या लोकांना ओळखलं आणि शिकवलं, असं परंपरा मानते. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून आणखी शिक्षक आले. मिशनरींनी मुंबईत आणि कोकणात शाळा काढल्या, त्यांत बेने इस्राएल मुलं मोठ्या संख्येने गेली. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. मराठीत उतरलेल्या बायबलातून या मुलांनी मोशेची गोष्ट वाचली आणि घरातल्या झाकलेल्या मडक्याचं कारण पहिल्यांदा त्यांच्या हाती लागलं. मिशनरींना धर्मांतराची आशा होती. घडलं असं की ती मुलं वाचायला शिकली आणि आपल्या मूळ धर्माला अधिक घट्ट चिकटली. धर्मांतरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच झाली.

मग मराठीत हगादा छापली गेली. १८४६ मध्ये मुंबईत हिब्रूसोबत मराठी भाषांतर असलेली पहिली हगादा निघाली. १८७४ मध्ये पुण्यात जी निघाली ती तर जगभरच्या हगादांच्या इतिहासात नाव काढून आहे. मोझेस जेकब तळकर आणि आरोन डॅनियल तळकर यांनी ती काढली आणि विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या शिळाप्रेसवर ती छापली. पुण्यातल्या अग्निहोत्र्यांच्या छापखान्यात ज्यूंच्या मुक्तीची कथा मराठीत छापून निघाली, हा आपल्या मुद्रणाच्या इतिहासातला अभिमानाचा प्रसंग आहे आणि तो शाळेत शिकवला पाहिजे असं मला वाटतं. तिच्यातली काही चित्रं युरोपातल्या जुन्या हगादांच्या वळणाची आहेत. पण मात्सा करणाऱ्या बायका तिथल्या नाहीत. त्या साडी नेसलेल्या, आपल्या वाटाव्यात अशा आहेत. १८७४ साली ते पान पाहणाऱ्या मुलाला इजिप्तची गोष्ट परक्यांची वाटली नसणार. चित्रात त्याची आजी होती.

पुढच्याच वर्षी, १८७५ मध्ये, केहिमकरांनी मुंबईत इस्राएली मुलांसाठी शाळा सुरू केली. पुस्तक छापून आलं, पण ते वाचणारं मूल घडवायचं तर शाळा हवी, हे त्या पिढीला नेमकं कळलं होतं. हिब्रू, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषा या शाळेने मुलांना दिल्या. जोसेफ इझिकेल राजपूरकर हे त्याच काळातले मोठे हिब्रू पंडित; डेव्हिड ससून यांच्या नावाच्या शाळेचे ते मुख्याध्यापक होते, आणि प्रार्थनांची कितीतरी पुस्तकं त्यांनी मराठीत आणली. केहिमकरांची शाळा पुढे माझगावला गेली आणि सर एली कदुरी यांच्या देणगीमुळे त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. रिबेका रूबेन या विदुषी १९२२ पासून जवळपास तीन दशकं तिच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्या कारकिर्दीत शिकलेल्या किती मुलांनी सेदेरच्या रात्री चुकल्याशिवाय ‘मा निश्ताना’ म्हटलं असेल, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. पण शाळा होती म्हणून घराघरांत ते म्हटलं गेलं, एवढं खात्रीने सांगता येतं.

आणि कीर्तन! वऱ्हाडातल्या वाचकाला याचं नवल वाटेल. १८८० मध्ये मुंबईत बेने इस्राएलांनी ‘कीर्तनोत्तेजक इस्राएल मंडळ’ स्थापन केलं. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यातलं मुख्य नाव. हिंदू कीर्तनकाराची बैठक, तीच पूर्वरंग-आख्यानाची धाटणी, तेच मराठी पद्यप्रकार. आख्यानाचे नायक मात्र अब्राहाम, योसेफ, मोशे. ज्या बायाबापड्यांना आणि मुलांना हिब्रू कळत नव्हतं, त्यांच्यापर्यंत बायबलातल्या कथा या वाटेने पोचल्या. आपल्या संतांनी जे लोकांच्या भाषेत सांगण्याचं काम केलं, त्याचं ऋण या मंडळींनी उघडपणे घेतलं. मुंबई-ठाण्यातल्या आणि इस्राएलमधल्या काही स्त्रियांनी अलीकडच्या काळात ही कीर्तनं पुन्हा गायला घेतली आहेत, ही फार चांगली गोष्ट आहे.

सेदेरमध्ये एक क्षण मुलांसाठी राखून ठेवलेला असतो. मेजावरचा एक पेला बसलेल्यांपैकी कुणासाठीच नसतो. तो एलिया संदेष्ट्याचा. जेवणानंतर एखाद्या मुलाला दार उघडायला पाठवतात, एलिया येईल म्हणून. जगातल्या सगळ्याच ज्यू मुलांना या क्षणी थोडी भीती, थोडी उत्सुकता वाटते. पण बेने इस्राएल मुलाला एलिया जवळचा असतो. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे एलिया अलिबागजवळ खंडाळ्याला येऊन गेला आणि तिथल्या खडकावर त्याच्या रथाची खूण आहे. लोक तिथे दर्शनाला जातात, नवस फेडतात. लग्नकार्याला, बारशाला, नव्या घरात शिरताना एलियाच्या नावाने मलिदा करतात: गोड पोहे, नारळ, फळं, सुका मेवा. त्यामुळे दार उघडायला गेलेलं हे मूल अनोळखी पाहुण्याची वाट पाहत नसतं.

सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी बेने इस्राएलांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. १९४८ मध्ये इस्राएल स्थापन झालं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. तिथे सुरुवातीला त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली गेली. लग्नासाठी वंशावळी मागितल्या गेल्या. उपोषणं झाली, निदर्शनं झाली आणि १९६४ मध्ये सरकारने त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मानलं. ज्यांनी कारण ठाऊक नसतानाही मडकं झाकून ठेवलं, त्यांच्याकडे पुरावे मागण्यात आले, हे वाचताना मन दुखावतं. आज लोद, रामला, अश्दोद, बीरशेबा, दिमोना या गावांत त्यांची वस्ती आहे. तिथून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही निघत आलं आहे. पण तिथल्या नातवंडांना ‘मा निश्ताना’ पाठ करावं लागत नाही, हिब्रू ही त्यांची रोजचीच भाषा. त्यांना अर्थ समजावून घ्यावा लागतो तो आजीच्या मराठीचा.

इकडे २०११ च्या जनगणनेत देशभरात ज्यू पाच हजारांच्या आतच भरले. त्यांतले निम्म्याहून जास्त महाराष्ट्रात. २०१६ मध्ये राज्याने त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. अलिबागची इस्राएल आळी आहे, १८४८ मध्ये उभं राहिलेलं मागेन अबोथ सिनेगॉग आहे, घरं थोडी. मुंबईतल्या सर एली कदुरी आणि सर जेकब ससून या दोन्ही शाळा भरलेल्या असतात, पण आज तिथली बहुसंख्य मुलं मुसलमान घरांतली आहेत. मला यात खंत करण्यासारखं काही दिसत नाही. शाळा बांधणाऱ्यांनी मुलांसाठी बांधली, आणि ती मुलांनी भरलेली आहे. मात्र ज्यू मुलाला हिब्रू प्रश्न शिकवण्याचं काम आता सिनेगॉगमधल्या वर्गांवर, रविवारच्या वर्गांवर आणि घरच्या मोठ्यांवर आलं आहे. एप्रिल म्हणजे वार्षिक परीक्षेचे दिवस. दुसऱ्या दिवशी पेपर असला तरी मूल रात्री सेदेरला बसतं.

ज्यू वस्ती आज मुख्यतः ठाण्यात आणि मुंबईच्या उपनगरांत आहे. ठाण्याचं ‘शार हाशामाईम’ सिनेगॉग १८७९ चं. घरात मोजकीच माणसं उरली की एकत्र सेदेर करण्याची पद्धत सोयीची होते. सभागृहात मेजं लावतात, कुणी खजुराचा पाक करून आणतं, कुणी अंडी उकडून आणतं, आणि आजोबा-आजींच्या मधोमध दुसऱ्यांची नातवंडं बसतात. अशा सेदेरमध्ये धाकटं कोण हे ठरवणं अवघड, म्हणून पुष्कळदा सगळी मुलं रांगेत उभी राहून प्रश्न एका सुरात म्हणतात.

मूलच नसेल तर काय करायचं, याचाही विचार जुन्या रब्बींनी करून ठेवला आहे. मुलाला तेवढी समज नसेल तर वडिलांनी त्याला शिकवावं. मूल नसेल तर पत्नीने विचारावं. तीही नसेल तर एकट्या माणसाने स्वतःलाच विचारावं. दोन पंडित समोरासमोर बसले असतील आणि दोघांनाही सगळं ठाऊक असेल, तरी एकाने दुसऱ्याला विचारलंच पाहिजे. ज्यांची मुलं दिमोनात किंवा अश्दोदमध्ये आहेत, अशा ठाण्या-पनवेलच्या म्हाताऱ्या जोडप्यांना हा नियम लागू पडतो. हगादा उघडून आजी विचारते आणि आजोबा वाचायला लागतात.

इस्राएलमध्ये सेदेर एकच रात्र करतात आणि सण सात दिवसांचा असतो. इस्राएलबाहेर तो आठ दिवसांचा आणि सेदेर लागोपाठ दोन रात्री. त्यामुळे लोदमधलं मराठी मूल हे प्रश्न वर्षातून एकदा विचारतं आणि ठाण्यातलं मूल दोनदा.